वाळूखालची ऊब

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे. श्रीमंतांच्या महाबळेश्वरात हॉटेलवाले ऊब पुरवतात, गरिबांनी आपापल्या वाकळा सांभाळायच्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरतो, आणि शहापुरातल्या आमच्यासारख्या कौलारू घरात तो बाहेरच राहतो असेही नाही. माणसे कानटोपी घालतात, चुलीपुढे बसतात, दोनदा चहा पितात. काचेच्या पेटीतल्या माशांनी काय करायचे, हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरला तो २०१८ च्या डिसेंबरात, आणि तोही सुखासुखी नव्हे.

पेटी माझी नव्हे, मुलाची. इंजिनिअरिंगला असताना त्याने हौसेने आणली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी मावते साधारण १६० लिटर. नोकरी लागून तो पुण्याला गेला आणि रिवाजाप्रमाणे त्याची हौस आमच्या गळ्यात पडली. जाताना सांगून गेला, "बाबा, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं आणि चिमूटभरच खाणं घालायचं. बास." पेटीत तेव्हा सात काळे विडो टेट्रा आणि चार गुरामी होते. एकूण अकरा. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आईविषयी सांगायला हवे. आमची आई गुळेदगुड्डची. होय, खणांचे गुळेदगुड्ड. माहेर विणकरांचे, घरात निव्वळ कानडी. वडील शहापुरात कापडाच्या पेढीवर होते. खणांच्या खरेदीला तिकडे जात-येत असत, त्यातून सोयरीक जुळली. १९६५ साली ती या घरात आली आणि वर्षभरात अशी मराठी बोलू लागली, की आमच्या आजीला सुनेचे माहेर कानडी आहे हे शेजारणींना पटवून द्यावे लागे. आम्हा भावंडांशी ती मराठीतच बोलायची. कानडी फक्त तिच्या माहेरची माणसे आली म्हणजे, आणि आम्हाला कळू नये असे काही वडिलांना सांगायचे असले म्हणजे. त्यामुळे माझे कानडी बँकेच्या काउंटरवर शिकलेले. "इल्ली सही माड्रि, नाळे बर्रि." इथे सही करा, उद्या या. तीस वर्षे या दोन वाक्यांवर माझे भागले.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. महिन्या-दीड महिन्याने थोडे थोडे शब्द यायला लागले. पण आले ते सगळे कानडी. नीरु, साकु, बेड, बा. मराठी एकही नाही. आम्ही बोललेले मराठी तिला बरेचसे समजायचे, उत्तर द्यायला जावे तर तोंड नुसतेच हलायचे, आणि मग डोळे भरून यायचे. डॉक्टरांनी समजावले, की दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला असा झटका आला तर दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असे नसते. कधी लहानपणीची आधी येते, कधी रोजच्या वापरातली, कधी एक येतच नाही. कोणती येईल हे आधी सांगता येत नाही. बावन्न वर्षे आमच्या घरात बोललेली भाषा गेली आणि माहेरची तेवढी राहिली. माझ्या बायकोचे माहेर निपाणीकडचे, तिला कानडीचा गंध नाही. सासू-सुना एका घरात राहून खुणांवर आल्या. आणि मी, पोटचा मुलगा, आईशी "इथे सही करा, उद्या या" एवढेच बोलू शकत होतो.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, की मोजणे, वारांची नावे, देवाचे नाव अशा पाठ असलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात, तिथून सुरुवात करा. मोजायचे काय? आईची खुर्ची खिडकीशी, समोर माशांची पेटी. डाव्या हाताचे बोट काचेवर टेकवून ती मोजू लागली. ओंदु, एरडु, मूरु, नालकु... मासे काही एका जागी थांबत नाहीत. एखादा झाडामागे गेला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा "हन्नोंदु" म्हणून अकरावर पोचली तेव्हा तीन महिने झाले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढे समाधान होते की बायकोने त्या दिवशी शिरा केला. मग रोज सकाळी चहानंतर ही मोजणी ठरूनच गेली. अकरा भरले की दिवस सुरू.

अशात डिसेंबर २०१८. थंडीत माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो म्हणून मी काचेच्या नळीतला हीटर आणून टाकला होता. २०० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा. एका नातेवाइकाच्या लग्नाला आम्ही सगळे, आईला गाडीत घालून, हुबळीला गेलो. सकाळी निघालो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. पेटीजवळ गेलो तर काचेवर वाफ आणि थर्मामीटर ३६ वर. आपोआप बंद होणारे यंत्र आतल्या पत्त्या चिकटून बसल्यामुळे बंद व्हायचे विसरले होते. सातही टेट्रा उलटे तरंगत होते. चार गुरामी तेवढे वर तोंड काढून तग धरून होते. त्यांना पृष्ठभागावर येऊन हवा घेता येते. गरम पाण्यात प्राणवायू कमी उरतो, तो इतरांना पुरला नाही.

मी घाईघाईने मेलेले मासे काढले, पण आईने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट काचेवर टेकवले, "ओंदु, एरडु, मूरु, नालकु" म्हणाली आणि थांबली. पुढचा आकडा माहीत होता, मासा नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पुन्हा चारवर थांबली. तिसऱ्या दिवसापासून तिने मोजणेच सोडले, आणि आठवडाभर एकही शब्द बोलली नाही. नीरुसुद्धा नाही, पेला दाखवायची.

नवे मासे आणणे सोपे होते. पण त्या हीटरला पुन्हा हात लावायचे धैर्य मला होईना. हीटर नाही म्हणजे ठिपक्यांचा रोग. हीटर आहे म्हणजे एका चिकटलेल्या पत्तीवर सगळे अवलंबून. रात्री दोनदा उठून मी थर्मामीटर बघू लागलो. बायको म्हणाली, "तुम्ही आता माश्यांचे वॉचमन झालाय."

मुलाला फोनवर सांगितले तेव्हा त्याने वेगळीच गोष्ट काढली. वाळूखाली तार अंथरून पेटी तळातून गरम करायची. १९८० च्या दशकात जर्मनीत ड्युप्ला कंपनीच्या कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर या जोडीने ही पद्धत पेटीतल्या पाणवनस्पतींसाठी प्रसिद्धीला आणली. कल्पना अशी, की पाण्यात लोंबणारा हीटर पाणी तापवतो, पण तळची वाळू गारच राहते आणि झाडांची मुळे त्या गारठ्यात बसतात. तार वाळूच्या तळाशी असली तर तिथले पाणी जरासे तापून हळूहळू वर चढते, त्याच्या जागी वरचे पाणी वाळूत उतरते. असा संथ फेरा चालू राहिला की मुळांना खाद्य मिळते आणि वाळू आत कुजत नाही.

झाडांचे भले होईल ते होवो, माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होते. ही तार फक्त वीस-पंचवीस वॅटची असते. १६० लिटर पाण्याला एवढी ऊब म्हणजे कायम चालू राहिली तरी दोन-अडीच अंशांपलीकडे पाणी चढणार नाही. बंद करायला पत्ती नको, विसरले तरी चालेल, हुबळीला गेले तरी चालेल. मासे शिजण्याइतकी ताकदच तिच्यात नाही. मला हवे होते ते हेच.

बाजारातली परदेशी तार माझ्या पेन्शनीत बसणारी नव्हती, तेव्हा घरीच करायचे ठरवले. पहिला प्रयत्न फसला, तोही सांगून टाकतो. उद्यमबागेत मोटार रिवाइंडिंग करणारे एक ओळखीचे कारागीर आहेत, त्यांच्याकडून रिवाइंडिंगची एनॅमलची तार आणली आणि बादलीत पाणी भरून आठ दिवस चालवून पाहिली. चौथ्या दिवशी तारेवर दोन ठिकाणी हिरवट पूड दिसली. लाखेचा थर कुठेतरी खरचटला होता आणि आतले तांबे पाण्यात उतरत होते. तांबे माशांना विषच. कारागिराकडे तार घेऊन गेलो तर ते हसले. म्हणाले, "साहेब, ही लाख मोटारीत बसायला केलीय, आंघोळीला नव्हे." बादलीत करून पाहण्याची बुद्धी झाली हे नशीब.

मग मुलाच्या मित्राने बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून टेफ्लॉनचे आवरण असलेली तीस गेजची बारीक तार पाठवली. टेफ्लॉन पाण्याला दाद देत नाही, उष्णतेलाही नाही. हिशेब शाळेतलाच आहे. या तारेचा रोध मीटरला साधारण ०.३४ ओहम, म्हणजे अठरा मीटरला सहा ओहम. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तर बारा भागिले सहा, दोन अँपिअर प्रवाह. बारा गुणिले दोन, चोवीस वॅट. मॅट्रिकनंतर ओहमच्या नियमाशी माझी गाठ पडली ती ही पहिलीच.

ट्रान्सफॉर्मर त्याच कारागिरांनी करून दिला. बारा व्होल्ट, तीन अँपिअर; दोन प्रवाह लागत असताना तीनचा अशासाठी की तो तापू नये. त्यांनी एक गोष्ट तीनदा बजावली, ती मीही इथे बजावतो. घरातली २३० व्होल्टची वीज पेटीतल्या तारेपर्यंत कोणत्याही वाटेने जाता कामा नये. दोन्ही वेटोळी वेगवेगळी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मरच वापरायचा, एकाच वेटोळ्याचा ऑटो ट्रान्सफॉर्मर चुकूनही नाही. तो पेटीपासून लांब, भिंतीवर, पाणी ओघळून पोचणार नाही अशा जागी. पेटीकडे जाणाऱ्या बाजूला फ्यूज, घराच्या बोर्डावर झटका बसण्याआधी वीज तोडणारे स्विच, आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा. हे ज्याला जमणार नाही त्याने जाणकाराकडून करून घ्यावे. हौस ही जिवापेक्षा मोठी नसते. एवढे सांगून ते कारागीर कानडीत पुटपुटले, "हुच्च माणूस." वेडा माणूस. एक शब्द कानडी, एक मराठी. आपल्या भागात वेडेपणाही दोन भाषांत वाटून घेतात.

आता तार अंथरायची. हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकची जाळी आणली, पेटीच्या तळाच्या मापाने कापली आणि त्यावर तार मागे-पुढे अशी वीस वेळा नेऊन नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची असे ठरवले. दोन ओळींत पावणेदोन सेंटीमीटरचे अंतर. तार कुठे दाटली तर तिथे वाळू जास्त तापेल म्हणून अंतर सारखे हवे. ही बैठक मी आईच्या खुर्चीसमोरच, जमिनीवर मांडली होती. म्हणजे तेवढेच तिच्याजवळ बसणे.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला तार माझ्या हातून सैल पडली आणि ओळ वाकडी झाली. आई बराच वेळ बघत होती. तिने डावा पाय पुढे करून अंगठ्याने त्या वाकड्या ओळीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "होक्कु."

मला कळेना. "काय पाहिजे?" म्हणून विचारले. तिने मान हलवली. डाव्या हाताने हवेत इकडून तिकडे, तिकडून इकडे असे करून दाखवले. "हासु," म्हणाली, हात उभा नेऊन. आणि हात आडवा नेऊन, "होक्कु."

शेजारच्या घरातल्या कानडी काकूंना हाक मारून विचारले तेव्हा उलगडा झाला. मागावर उभा तो ताणा, आडवा तो बाणा. कानडीत हासु आणि होक्कु. गुळेदगुड्डच्या घरात लहानपणी धोटा इकडून तिकडे जाताना बघत वाढलेल्या बाईला माझी तार म्हणजे बाणा दिसत होता, आणि तो मी वाकडा घातला होता. आठवडाभर मुकी बसलेली आई बोलली ती माझी चूक काढायला. मी ओळ सोडून पुन्हा ओढून बांधली. मग तिने जाळीचे एक टोक डाव्या हाताने धरून ठेवले, ते वीस ओळी होईपर्यंत सोडले नाही. मधे दोनदा "अल्ल" म्हणाली. म्हणजे तसे नव्हे. दोन्ही वेळा तिचेच बरोबर होते. दुपारचे जेवण साडेतीनला झाले.

वाळूचाही थोडा खटाटोप झाला. वाळूत चुनखडी असली तर पाणी जड होते, म्हणून मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघायचे. फसफसली तर ती वाळू नको. पहिली वाळू फसफसली, दुसरी नाही. तळच्या थरात लोहाची माती मिसळावी असे त्या जर्मनांचे सांगणे. ही माती म्हणजे लॅटेराइट, आणि लॅटेराइट म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, आपला जांभा दगड! ज्याचे चिरे खानापूर तालुक्यापासून खाली गोवा-कोकणापर्यंत घरोघर लागले आहेत तोच. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात लोकांना हा दगड विटेसारखा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला हे नाव दिले. त्याने कानडी माणसाला विचारले असते तरी चालले असते. कानडीत त्याला जंबिट्टिगे म्हणतात. त्यातही इट्टिगे म्हणजे वीटच. जर्मनीत लोक हा माल पुडीत विकत घेत होते. मी एका बांधकामावरून चिऱ्यांचा भुगा पिशवीभर फुकट आणला. मात्र तो धुताना चौदा बादल्या लाल पाणी फेकले आणि मोरी आठवडाभर रंगपंचमी झाल्यासारखी दिसत होती. त्याविषयी घरात जे बोलले गेले ते छापण्यासारखे नाही.

तळाला तारेची जाळी, तिच्यावर वाळू आणि जांभ्याचा भुगा मिळून दोन इंच, त्यावर नुसती जाडी वाळू एक इंच. त्यात क्रिप्टोकोरिनची नऊ रोपे लावली. या कुळातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही उगवतात. मी मात्र दुकानातलीच आणली, ओढ्यातली उपटायचा विचार कोणी करू नये. पाणी भरले, चार गुरामी सोडले आणि २०१९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, प्लग लावला. ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणू लागला. दुसरे काहीच झाले नाही. दिवा लागत नाही, फेस येत नाही, काही हलत नाही. बघायला जमलेली शेजारची पोरे निराश होऊन पतंग उडवायला गेली.

दोन दिवसांनी थर्मामीटर पाहिला. पहाटे खोलीत १८, दुपारी २५, आणि पाणी २३ ते २४. म्हणजे हिशेबाइतकेच, दोन-सव्वादोन अंशांची ऊब. मासे मरणार नाहीत, पण सुखातही राहणार नाहीत. मग मुलाने फोनवर सुचवले, की पेटीच्या मागच्या आणि दोन्ही कडेच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावा आणि वर काच झाका. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर पडून होता. तो चिकटवला, वरती हवेपुरती फट ठेवून काच टाकली, आणि तीन दिवसांत पाणी २५-२६ वर येऊन तिथेच बसले. रात्री फार उतरेना, दिवसा फार चढेना. थोडक्यात, मी महिनाभर खपून केलेल्या तारेने जेवढी ऊब दिली, जवळजवळ तेवढीच ऊब माळ्यावरच्या फुकटच्या थर्माकोलने वाचवली. हे मी बरेच दिवस कोणाला सांगितले नव्हते.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवे. झाडांसाठी ही तार लागतेच असे आता फारसे कोणी मानत नाही. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात साध्या बागेतल्या मातीवर वाळू पसरून, कोणत्याही तारेशिवाय पाणवनस्पती उत्तम वाढवता येतात हे दाखवले आणि पुष्कळ लोक त्या वाटेने गेले. मलाही ते पटते. पण माझ्या पेटीत ती तार झाडांसाठी मुळी घातलीच नव्हती.

झाडांचे काय झाले म्हणाल, तर पहिल्या दहा दिवसांत नऊच्या नऊ रोपांची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. बायको म्हणाली, "गेली की हो तुमची झाडं. उकडली बहुतेक खालनं." मी हादरलो, वाटले, तळ फार तापला. बोट खुपसून पाहिले, वाळू नुसती कोमट. दुकानदाराने सांगितले, की या झाडाची जागा हलवली की ते रुसून पाने टाकते. उपटू नका, मुळे जिवंत असतात, वाट बघा. वाट बघणे आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगवळणी पडले होते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी आंघोळीला गेलो असताना आईचा आवाज आला. "चिगुर! चिगुर!" मी पंचानिशी बाहेर येईपर्यंत बायको स्वयंपाकघरातून धावत पेटीपाशी पोचली होती आणि काचेला नाक लावून बघत होती. वाळूतून तपकिरी, गुंडाळलेले, उदबत्तीच्या काडीएवढे एक टोक वर आले होते. मी सवयीने शेजारच्या काकूंना हाक मारायला निघालो, तर बायको म्हणाली, "त्यांना कशाला? मला कळलं की. चिंचेचा चिगूर खातो की आम्ही निपाणीकडं." दीड वर्षात सासूचा शब्द सुनेला दुभाष्याशिवाय कळायची ती पहिली वेळ. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मग बराच वेळ त्या काडीकडे बघत बसल्या. मला कपडे घाला असे सांगायचेही कोणाच्या लक्षात आले नाही.

फेब्रुवारीत सात नवे टेट्रा आणले. पहिल्या सकाळी आईने बोट काचेवर टेकवले. चारपर्यंत गेली, थांबली, माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "ऐदु." ती म्हणाली, "आरु." असे एक तू, एक मी करत आम्ही अकरावर पोचलो. माझे कानडी त्यानंतर बरेच सुधारले. काकूंकडे रोज अर्धा तास बसून शिकलो. या वयात पाटी-पेन्सिल घेतली म्हणायला हरकत नाही. तिला मी जन्मभर आई म्हटले, त्या उन्हाळ्यापासून अव्वा म्हणू लागलो. ती मला तम्मा म्हणायची. मराठी तिचे फारसे परत आले नाही. कधीमधी एखादा शब्द यायचा, पण तो भलत्याच वेळी. एकदा डॉक्टर तपासत असताना ती स्पष्ट मराठीत "पुरे" म्हणाली आणि डॉक्टरांनी खरोखरच पुरे केले.

२०२२ च्या श्रावणात अव्वा गेली. त्या वर्षी दिवाळीनंतर गारठा पडला तरी प्लग लावायचे माझ्या मनात येईना. बायकोने एक दिवस आपण होऊन लावला. गेल्या वर्षी ट्रान्सफॉर्मरचे गुणगुणणे बंद पडले. कारागिरांनी तपासून सांगितले, की ट्रान्सफॉर्मर गेला, तार ठणठणीत आहे. तरी खात्री करावी म्हणून मी पेटीच्या एका कोपऱ्यातली वाळू बाजूला केली. क्रिप्टोकोरिनची पांढरी मुळे जाळीतून आरपार जाऊन तारेभोवती अशी गुंतली होती, की कुठला धागा मुळाचा आणि कुठला तारेचा हे बोटाला कळत नव्हते. उपसले असते तर सगळेच हाताशी आले असते. मी वाळू परत लोटली आणि नवा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. दिवसाला अर्धा युनिट आणि वर थोडी वीज खातो, महिन्याला सतरा-अठरा युनिट. मार्चपर्यंत चालतो, मग बंद.

हल्ली पेटीत चौदा मासे आहेत. सकाळी खाणे घालायचे काम बायकोकडे आहे. चिमूट टाकायच्या आधी ती मोजते. ओंदु, एरडु, मूरु करत हन्नोंदुपर्यंत कानडीत जाते. त्यापुढचे तिला कधी ऐकायला मिळाले नव्हते. म्हणून मग बारा, तेरा, चौदा.